सुईच्या टोकावर दडून बसलेल्या सुकल्या रंगास

सुकलेल्या रंगा,

हे पत्र तुला उघडपणे लिहितो आहे, कारण तुझा सगळा कारभार आडोशाने चालतो. एअरब्रशच्या नोझलमध्ये, सुईच्या टोकाशी, जिथे नजर पोचत नाही तिथे तू बसतोस. करतोस तू आणि नाव होतं दुसऱ्याचं. कुणी रंगाच्या बाटलीला शिव्या घालतो, कुणी कॉम्प्रेसर बदलतो, कुणी पावसाळ्यावर खापर फोडतो. नवशिक्या मुलामुलींना यातलं कुणीच गुन्हेगार वाटत नाही, म्हणून ती स्वतःच्या हाताला दोष देतात. ‘मला हे जमणार नाही,’ असं म्हणत एअरब्रश खोक्यात जातो आणि खोकं माळ्यावर. मॉडेलचा बिघडलेला पंख पॉलिश पेपरने घासून पुन्हा रंगवता येतो. पैसे साठवून आणलेलं हत्यार माळ्यावर गेलं की त्याच्याबरोबर शिकण्याची हौसही जाते, आणि ती परत आणणं फार कठीण असतं. माझा तुझ्यावरचा राग त्यासाठी आहे. तुझी सगळी सोंगं आज चव्हाट्यावर मांडतो आहे, तीही त्यासाठीच.

तू नेमकं काय बिघडवतोस ते आधी ऐक. मिग-21 घे. महाराष्ट्रात स्केल मॉडेल करणारा माणूस आज ना उद्या या विमानाकडे वळावा असं त्याचं आणि आपलं नातं आहे, कारण ते आपल्या ओझरला बनत होतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तिथला नाशिक विभाग 1964 मध्ये मिगच्या उत्पादनासाठी उभा राहिला. 1963 मध्ये भारतीय हवाई दलात आलेलं हे विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झालं. आता ते उरलं संग्रहालयांत, चौथऱ्यांवर आणि आमच्या टेबलांवर. खऱ्या मिगच्या पंखांचा पल्ला 7.15 मीटर, 1:72 या प्रमाणात तो 10 सेंटिमीटरांच्या आत येतो. एवढ्याशा पंखावर तू 0.2 मिलिमीटरची गुठळी टाकलीस, तर खऱ्या विमानाच्या हिशोबाने ती 14 मिलिमीटरची झाली. असलं ढेकूळ पंखावर घेऊन कुठल्या तंत्रज्ञाने विमान धावपट्टीवर जाऊ दिलं असतं? त्यातून सुरुवातीची भारतीय मिग-21 उघड्या धातूच्या चंदेरी अंगाची. ते अंग साधायला आधी चकचकीत काळा थर द्यावा लागतो आणि त्यावर धातूरंगाचे अगदी विरळ हात. खालचा काळा थर निर्दोष गुळगुळीत नसेल, तर वरची चांदी प्रत्येक खडा दाखवून देते. तासन् तास घासलेले सांधे, बारकाईने जपलेल्या पॅनेलरेषा, सगळ्यावर पाणी फिरवायला तिथे तुझा एक कण पुरतो.

तू कुठे बसतोस हे समजलं की तुझी निम्मी ताकद संपते, म्हणून ती जागाही सांगून टाकतो. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते. मागे ओढला की सुई मागे सरकते आणि नोझलचं तोंड उघडतं. हवा त्या तोंडाभोवतून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो, कपातला रंग पुढे खेचला जातो आणि त्याचे तुषार होतात. मॉडेलसाठी वापरतात ती नोझलं साधारण 0.2 ते 0.5 मिलिमीटरची. त्यातही मधोमध सुई उभी, त्यामुळे रंगाला वाट मिळते ती सुईभोवतीच्या बारीक कड्याएवढी. रंगातली पूड या वाटेत अडत नाही. पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा कण साधारण पाव मायक्रॉनचा असतो, 0.3 मिलिमीटरच्या भोकात असे हजाराहून जास्त कण एका रांगेत उभे राहतील. ते सुटे असतात तोवर सुखाने बाहेर पडतात. तू त्यांना एकमेकांना कायमचं चिकटवतोस आणि त्यांची टोळी करून दारात बसवतोस.

आणि हे हत्यार तुझ्यासाठी बनलेलंही नव्हतं. चार्ल्स बर्डिक या अमेरिकी चित्रकाराने 1890च्या दशकात जो एअरब्रश आणला, त्यात रंग आणि हवा हत्याराच्या टोकातच एकत्र येत. आज आमच्या हातात असलेल्या एअरब्रशची मूळ मांडणी तीच. जलरंग त्यात सुकला, तरी पाण्याचा थेंब पडताच तो पुन्हा विरघळे. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग चित्रकारांच्या हाती आले 1950च्या दशकात, आणि तुझं राज्य सुरू झालं. या रंगात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांजवळ येतात, एकजीव होतात आणि पापुद्रा धरतात. तो पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. मॉडेलच्या पंखावर हाच गुण हवाहवासा असतो. सुईच्या टोकावर तोच गुण तुझा जन्म घडवतो, कारण तिथे रंगाची अगदी पातळ ओल असते आणि तिच्यावरून अखंड वारा वाहत असतो. लॅकरचा रंग टोकावर सुकला तरी मागून येणारं थिनर त्याला पुन्हा सैल करतं. एनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने सावकाश पक्का होतो, त्यामुळे तिथे तुला फारशी संधी मिळत नाही. तू माजतोस तो पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे नेमका त्याच रंगावर जो वास कमी म्हणून, घरात चालतो म्हणून, नवशिक्याला पहिल्यांदा हाती दिला जातो.

आता तुझी सोंगं. पहिलं सोंग मुकेपणाचं. ट्रिगर ओढला तरी रंग येत नाही. माणूस आणखी ओढतो, दाब वाढवतो, आणि मग अडलेला रंग एकदम सुटून पंखावर डाग पडतो. लोक म्हणतात, दाब कमी होता. दाबाचा काही संबंध नसतो. टोकावर तू बसलेला असतोस आणि वाढवलेल्या हवेने ते टोक आणखी लवकर सुकवून तुझंच बळ वाढवलेलं असतं.

दुसरं सोंग थुंकण्याचं. बारीक रेघ चाललेली असते आणि मधेच शिंतोडे उडतात. यात तुझ्याबरोबर बोटाच्या सवयीचाही वाटा असतो. रंग बंद करण्याआधी हवा बंद केली, तर टोकावर रंगाचा थेंब राहतो आणि पुढच्या दाबाला तोच फुटतो. म्हणून क्रम पक्का हवा: आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग, मग हवा. हा क्रम बोटात मुरला की शिंतोडे खूपच कमी होतात, आणि जे उरतात ते तुझे, हे निश्चित कळतं.

तिसरं सोंग कपातल्या बुडबुड्यांचं. ट्रिगर दाबताच कपात रंग उकळल्यासारखा बुडबुडतो. याचा अर्थ पुढे जायची हवा मागे, रंगाच्या वाटेत शिरते आहे. एक तर तू तोंड बुजवलं आहेस, नाहीतर नोझल नीट बसलेलं नाही, त्याच्यावरची टोपी सैल आहे, किंवा नोझलच चिरलं आहे. हे शेवटचं कारण बहुतेक वेळा तुला हुसकावण्याच्या घाईत पान्याने जास्त आवळण्यातून येतं. नोझल बोटांनी किंवा हलक्या पान्याने बसेल इतकंच घट्ट करायचं असतं. एवढ्या बारीक पितळेवर जोर दाखवला की ती फाटते.

चौथं सोंग तिरक्या फवाऱ्याचं. रंग समोर न जाता एका बाजूला झुकतो. इथे तुझ्याबरोबर आणखी एक संशयित असतो, वाकलेलं सुईचं टोक. सुई नखावरून हलकेच पुढे ओढून पाहावी; टोक अडलं तर ते वाकलेलं आहे. अडलं नाही, तर पुन्हा तूच.

मात्र मी तुझ्यावर खोटा आरोप करणार नाही. एअरब्रशमध्ये जे बिघडतं ते सगळं तुझं नसतं, आणि तुझं सगळ्यात मोठं पाप हे की तुझ्या गोंधळात बाकीचे खरे दोषी सुटून जातात. त्यांचीही हजेरी घेतो, म्हणजे तुला त्यांच्यामागे लपता येणार नाही.

पृष्ठभाग खरखरीत झाला, बोटाला भुकटी लागल्यासारखं वाटलं, तर रंग मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच हवेत सुकला आहे. अंतर जास्त, दाब जास्त किंवा रंग घट्ट. मोठा थर देताना अंतर पाच ते आठ सेंटिमीटर ठेवावं आणि पृष्ठभाग क्षणभर ओला दिसेल इतका हात द्यावा. रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळाला, तर तो फार पातळ आहे, किंवा फार जवळून, फार हवेने मारला आहे. ओला रंग हवेने ढकलला गेला, एवढंच त्यामागचं कारण. ट्रिगर कमी ओढावा, दाब उतरवावा, पहिला हात नुसता धुक्याइतका द्यावा. लॅकरचे बारीक धागे उडून मॉडेलवर जाळी धरली, तर थिनर कमी पडलं आहे. रंग बसला पण खडबडीत लाटा राहिल्या, तर तो सपाट व्हायच्या आधी घट्ट झाला. थिनर वाढवावं, जरा सावकाश उडणारं घ्यावं. गोल गोल छिद्रं पडून खालचं प्लास्टिक दिसलं, तर पृष्ठभागावर तेल आहे: साच्यातून किट सुटावं म्हणून लावलेलं, किंवा आपल्याच बोटांचं. रंगाआधी भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन, पुरते वाळवून घ्यायचे, हा त्यावरचा साधा उपाय. मास्किंग टेपबरोबर रंग निघून आला, तर बहुतेक वेळा कारण हेच तेल, किंवा न दिलेला प्रायमर.

पाणी हा आणखी एक दोषी. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते. नळीतून जाताना ती निवते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. मग रंगाबरोबर पाण्याचे थेंब येतात आणि बघणारा म्हणतो, एअरब्रश थुंकतो आहे. ओळख सोपी आहे: कप रिकामा आणि सुई बंद ठेवून नुसती हवा काचेवर किंवा आरशावर मारायची. थेंब दिसले, तर पाणी सापळ्यातून निसटतं आहे. टाकीखालचा नळ उघडून साचलेलं पाणी काढावं आणि पाण्याचा सापळा कॉम्प्रेसरला चिकटून न ठेवता नळीच्या पुढच्या भागात लावावा, कारण हवा निवते ती पुढे गेल्यावर. टाकी नसलेल्या लहान कॉम्प्रेसरची हवा धडधडत येते, तीही फवाऱ्याला झटके देते. तो दोष तुझा नाही.

आणि पाऊस. कोकणात, मुंबईत, जुलैच्या दमट हवेत लॅकरचा थर पांढुरका पडतो. थिनर वेगाने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि ओल्या थरात अडकते. रंगांच्या दुकानातल्या वेगाने उडणाऱ्या स्वस्त थिनरने हे जास्त होतं, आणि तसलं जहाल थिनर पॉलिस्टायरीनच्या किटवर ओतलं तर प्लास्टिकच विरघळतं. सावकाश उडणारं थिनर घ्यावं, विरळ हात द्यावेत, आणि पांढुरकं आलंच तर त्याच थिनरचा अगदी हलका फवारा मारून थर पुन्हा सैल करावा. बहुतेक वेळा तो स्वच्छ होतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींवर स्प्रे गनने रंग चढवण्याचं काम ऐन पावसाळ्यात भरात असतं. दमट हवेला शरण न जाता ते कारागीर दर वर्षी गुळगुळीत अंगं उभी करतात. त्यांच्या राज्यात राहून आम्ही पावसाचं निमित्त सांगावं, हे शोभत नाही. उलट तुझा स्वतःचा हंगाम कोरड्या उन्हाळ्याचा. नागपूरच्या मे महिन्यात टोकावरचा अ‍ॅक्रिलिक बघता बघता सुकतो. रत्नागिरीत दोषी वाफ आणि नागपुरात दोषी तू, हा फरक ज्याला कळला, तो दोन्हीकडे एकच उपाय करत बसत नाही.

तुझे साथीदारही मला ठाऊक आहेत. त्यांतला सगळ्यात लाडका म्हणजे ‘रंग दुधाइतका पातळ करा’ हा सल्ला. कुठलं दूध? म्हशीचं, गाईचं, की पिशवीतलं टोन्ड? ते तापवलेलं की गार? हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. त्यापेक्षा खूण दाखवावी: मिसळलेला रंग काडीने कपाच्या भिंतीवर चढवायचा. तो सावकाश न ओघळता अडून बसला, तर घट्ट आहे. भिंतीवर काहीच न ठेवता पाण्यासारखा पळाला, तर फार पातळ. खाली ओघळताना मागे रंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा ठेवत गेला, तर फवाऱ्याला योग्य. आणि मग त्याचा पहिला फवारा कागदावर किंवा टाकाऊ प्लास्टिकवर, मॉडेलवर नाही. एकाच कंपनीचा पांढरा आणि काळाही सारख्या प्रमाणात पातळ होत नाहीत, त्यामुळे प्रमाण पाठ करण्यापेक्षा ही खूण पाठ केलेली बरी.

थिनर कुठलं, हाही प्रश्न तुझ्या बाजूने मतदान करतो. तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक अल्कोहोल असलेल्या थिनरशी चांगले जुळतात, काही लॅकर थिनरशीही. तोच अल्कोहोल पाण्यावरच्या काही दुसऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये पडला की रंग फाटतो, त्याच्या रबरी गुठळ्या होतात, आणि तुझं काम नोझलपर्यंत पोचण्याआधीच होऊन जातं. ‘अ‍ॅक्रिलिक’ हा एकच शब्द दोन बाटल्यांवर असला म्हणून त्यांचं थिनर एक नसतं. नवा रंग, नवं थिनर जुळवताना आधी वेगळ्या वाटीत चार थेंब मिसळून पाहावेत. एवढी सावधगिरी बाळगणाऱ्याच्या वाटेला तू सहसा जात नाहीस.

तुझं जन्मस्थान तर कुणी बघतच नाही: बाटलीचं तोंड. झाकण फिरवताना तिथे जमलेल्या खपल्या रंगात पडतात आणि थेट नोझलकडे निघतात. बाटली उघडली की तोंड पुसायचं, रंग नुसता हलवायचा नाही तर तळ सुटेपर्यंत ढवळायचा, आणि कपात ओतताना बारीक जाळीतून किंवा ताणलेल्या नायलॉनच्या तुकड्यातून गाळायचा. या तीन गोष्टींना मिळून फारसा वेळ लागत नाही. त्या टाळल्या की संध्याकाळ तुझ्या मागे धावण्यात जाते.

आता तुला पकडायची रीत सांगतो, आणि ती मोठ्याने सांगतो, म्हणजे प्रत्येक नवशिक्याच्या कानावर जाईल. काही बिघडलं की सगळं एकदम बदलायचं नाही. रंगही नवा, दाबही नवा, नोझलही नवं, असं केलं तर काय सुधारलं तेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट. पहिली चाचणी: कप रिकामा करून त्यात स्वच्छ थिनर किंवा पाणी घ्यायचं आणि कागदावर फवारायचं. फवारा नितळ, सरळ आला, तर हत्यार निर्दोष आहे आणि दोष मिसळलेल्या रंगात आहे: घट्टपणा, गुठळ्या, थिनर. थिनरही थुंकलं किंवा कपात बुडबुडे आले, तर दोष हत्यारात आहे. मग सुई काढून बघायची, नोझल भिंगाखाली उजेडाकडे धरून बघायचं, टोपी आणि जोड तपासायचे. शेवटी हवा: काचेवर पाण्याचे थेंब येतात का, दाब स्थिर राहतो का. दाब बघताना ट्रिगर दाबलेला असावा, कारण हवा वाहू लागली की काटा खाली येतो आणि कामाचा दाब तोच. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकला साधारण 15 ते 20 पीएसआय पुरतात. जवळून बारीक रेघा काढायच्या तर रंग आणखी पातळ करून 10-12 वर उतरावं. रंग, मग सुई-नोझल, मग हवा. या क्रमाने गेलं की तू सापडतोसच. जाणकार माणसं तुला पहिल्याच पायरीवर धरतात, कारण ती सुरुवातच तुझ्यापासून करतात.

आणि पकडल्यावरची शिक्षा. काम चालू असतानाच अधूनमधून टोक थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने किंवा मऊ कुंचल्याने, मागून पुढे, पुसायचं. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये सुकणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे एक-दोन थेंब घालायचे. जास्त घातले तर थर कित्येक दिवस मऊ राहतो, म्हणून थेंबच. रंग बदलताना कप पुसून थिनर फवारायचं, तोंडाशी फडकं धरून हवा मागे सोडायची म्हणजे आतला रंग कपात उसळतो, आणि थिनर स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करायचं. काम संपल्यावर सुई काढून पुसायची आणि नोझल मऊ ब्रशने साफ करायचं. टाचणी किंवा तार नोझलमध्ये घालणारा माणूस तुझ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण ओरखडा पडलेलं नोझल पुन्हा कधी सरळ फवारत नाही. अख्खा एअरब्रश रात्रभर जहाल थिनरमध्ये बुडवून ठेवणंही तसंच. आतले रबरी वायसर फुगतात आणि हवा गळू लागते. आणि कपात रंग ठेवून चहाला उठायचं नाही. तुला एवढीच सवड लागते.

तुझ्याशी लढताना माणसं स्वतःच्या फुप्फुसांना विसरतात, तेही इथे सांगायला हवं. धुळीचा साधा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. तिला अडवायला सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. अ‍ॅक्रिलिकला वास कमी असला तरी त्याचे तुषार श्वासात जातात, म्हणून पंख्याने हवा घराबाहेर टाकणारा बूथ हवाच. आणि लॅकर फवारताना त्या खोलीत देवापुढचा दिवा किंवा गॅस पेटलेला नसावा. विमान सुंदर व्हावं ही इच्छा मोठी आहे, पण ती घरातल्यांच्या श्वासापेक्षा मोठी नाही.

माझा शेवटचा आरोप सगळ्यात गंभीर आहे. तू माणसाला खोटं पटवतोस. ज्या मुलीने पंखाच्या सांध्यावर पुटी लावून नखाला जाणवणार नाही इतकं घासलं, ज्या मुलाने ओझरच्या मिगचे जुने फोटो जमवून चंदेरी पत्र्यांच्या छटा टिपून ठेवल्या, त्यांचा हात वाईट कसा असेल? त्यांना रंग, हवा, पाणी आणि तू यांतला फरक कुणी दाखवला नाही, एवढंच. हा फरक शिकवता येतो. तो एका दुपारी, एका कागदावर, कपभर थिनरने दाखवता येतो. जाणत्यांनी ती एक दुपार नवशिक्यांना दिली पाहिजे. ‘सरावाने येईल’ असं सांगून त्यांना एकटं सोडणं हे तुला मोकळं रान देणं आहे, आणि यात आमची वडीलधारी मंडळीही तुझ्याइतकीच जबाबदार आहेत.

तेव्हा ही माझी मागणी तुझ्यापेक्षा त्यांच्याकडे आहे, तू फक्त साक्षीला राहा. ज्यांच्या माळ्यावर एअरब्रशचं खोकं पडून आहे त्यांनी ते खाली काढावं. सुई बाहेर काढावी आणि तिचं टोक भिंगाखाली धरावं. तिथे तू दिसशील, आजवर दुसऱ्यांच्या नावावर खपवलेल्या सगळ्या गुन्ह्यांसह. पुसल्यावर त्या हत्यारातून पाण्याचा पहिला फवारा नितळ येईल, आणि ज्याने ते माळ्यावर टाकलं होतं त्याला कळेल की हात पहिल्यापासून चांगलाच होता.

तुझी पुरती ओळख पटलेला,
एक मॉडेलकार